मुश्की घोडी उन्हाळ्यात तांबूस का पडते: एका चंदीचा हिशेब

लग्नसराईच्या तोंडावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तक्रार साधारण अशी असते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घेतली तेव्हा घोडी शाईसारखी काळी होती. आता पाठ, कुशी आणि आयाळीची टोकं विटकरी झाली आहेत, अंगाला चमक नाही, आणि वरातीच्या दिव्यांत ते जास्तच उठून दिसतं. चंदी (खुराक) तर दीडपट केली. मग चुकलं कुठे?

सोलापूर-पुणे पट्ट्यात अशी घोडी कुठल्याही तबेल्यात सापडेल. इथे हिशेबासाठी एक प्रातिनिधिक जनावर धरलं आहे: मारवाडी घोडी, वय ७ वर्षं, रंग मुश्की म्हणजे काळा, काम वरातीचं. हंगामात आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी दोन ते तीन तास चालणं आणि नाचणं, पाठीवर खोगीर आणि जाड झूल. छातीचा घेर १६५ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५२ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की वजन ३४८ किलो येतं. आपण ३५० धरू. वजन न काढता चंदी ठरवणं म्हणजे माप न घेता कपडा बेतणं, त्यामुळे टेप आधी, पोतं नंतर.

पहिला प्रश्न खाद्याचा नाहीच. घोडी खरंच काळी आहे का? नाकपुडीभोवतीचे, डोळ्यांखालचे आणि पुढच्या पायाच्या काखेतले केस बघायचे. तिथे बारमाही तपकिरी छटा असेल तर तो गडद कुमैत (काळपट तपकिरी) आहे, आणि कितीही तांबं-जस्त चारलं तरी तो मुश्की होणार नाही. रंग जन्माचा असतो. खरी काळी घोडी उन्हानं विटली असेल तर केस दोन बोटांनी उलटा करून पाहावा: मुळाशी काळा, टोकाला तांबूस. बाजारात घेताना याच्या उलट दिसलं, म्हणजे टोकापर्यंत एकसारखा मठ्ठ काळा आणि मुळाशी मात्र लालसर, तर रंग लावलेला असण्याचीच शक्यता जास्त. केसांचा काळा रंग आणि बाजारातली ‘काळी मेंदी’ यांत बहुतेकदा पीपीडी हे रसायन असतं. त्यानं कातडी सुजते, फोड येतात. तो मार्ग सोडूनच द्यावा.

दुसरं, आजार वगळणं. लीद तपासून जंतांच्या अंड्यांची मोजणी, दाढांच्या धारदार कडा (कडब्याचे अर्धवट चघळलेले गोळे गव्हाणीत पडत असतील तर शंका पक्की), गोचीड, आणि रक्ततपासणीत सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार). सर्रा झालेलं जनावर खंगतं, रक्त कमी होतं, केस उभे राहतात, आणि मालक मात्र तेल पाजत बसतो. घोडीला घाम येतोय ना, हेही बघायचं. दमट-उष्ण हवेत काही घोड्यांचा घाम आटतो, कातडी कोरडी पडून कोंडा सुटतो, धाप लागते. त्या घोड्याला वरातीत नेणंच धोक्याचं. यातलं काही निघालं तर पुढचा सगळा हिशेब पशुवैद्याच्या उपचारानंतर.

आता मुख्य गोष्ट. केस एकदा कातडीबाहेर आला की तो मेलेला असतो. आज दिलेली चंदी त्याच्यात शिरून रंग बदलू शकत नाही. घोड्याची कात वर्षातून दोनदा बदलते आणि ती दिवसाच्या लांबीवर चालते: २२ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागला की हिवाळी केस सुटायची तयारी होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये खराऱ्यावर पुंजके येतात, आणि खालून उन्हाळी केस वर येतो. म्हणजे मे महिन्यातल्या केसाचा काळेपणा जानेवारी ते मार्चच्या खाद्यावर ठरतो. एप्रिलमध्ये जागं झालेल्या मालकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: आहे तो रंग उडू न देणं आणि चमक आणणं. काळेपणाचं खाद्य तरीही आजच सुरू करायचं, पण ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या केसासाठी.

रंग उडतो कसा? काळा रंग म्हणजे केसातलं मेलॅनिन. उन्हातले अतिनील किरण त्याचं ऑक्सिडीकरण करतात, आणि काळ्याचा तांबूस होतो. केस ओला असेल, त्यावर घामाचं मीठ असेल, तर हे आणखी वेगानं होतं. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा बराच खारट असतो आणि त्यात लॅदरिन नावाचं प्रथिन असतं; खोगिराच्या कडेला जो पांढरा फेस येतो तो त्याचाच. म्हणून डाग नेमके खोगिराखाली, तंगाच्या पट्ट्यात आणि मानेवर लगाम घासतो तिथे आधी पडतात. तांब्याचा संबंध एक पायरी अलीकडे आहे: मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) तांब्याशिवाय चालत नाही. तांबं अपुरं पडलं की केस मुळातच फिका उगवतो आणि उन्हापुढे लवकर हार मानतो. जस्त केस आणि कातडीच्या बांधणीला लागतं. महाराष्ट्राच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पिकांना उपलब्ध जस्त कमी असतं हे शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. तीच कमतरता वैरणीत उतरते.

जुनी चंदी अशी होती: ज्वारीचा कडबा ५ किलो, ऊस-पट्ट्यात हमखास मिळणारं हत्तीगवत ८ किलो, गव्हाचा कोंडा दीड किलो, भिजवलेला हरभरा दीड किलो, गूळ पाव किलो. मीठ वेगळं नाही, गुरांच्या चाटणाची वीट कोपऱ्यात. तक्रार सुरू झाल्यावर हरभरा सव्वादोन किलोवर नेला.

हरभरा वाढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. केस म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन, म्हणून प्रथिन वाढवावं, हा तर्क वरकरणी बरोबर वाटतो. पण या वजनाच्या, मध्यम काम करणाऱ्या घोडीला दिवसाला साधारण ५४० ग्रॅम प्रथिन लागतं, आणि जुन्या चंदीतून दीड किलो हरभऱ्यावरच ८०० ग्रॅमच्या वर जात होतं. वाढीव हरभऱ्यानं केसाला काही मिळालं नाही. लघवीचा अमोनियाचा वास वाढला, आणि गुळासकट एका वेळच्या तोबऱ्यात पिष्ट जास्त झालं. पोटशूळ आणि खूर धरणं (लॅमिनायटिस) यांचं आमंत्रण इथूनच जातं. एका वेळचं दाणं शरीराच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांपेक्षा, म्हणजे या घोडीला १.४ किलोपेक्षा, जास्त कधीच नको.

तांब्याचा हिशेब केला तर चित्र गमतीशीर दिसतं. गरज प्रति किलो वजनाला ०.२२ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ७८ मिलिग्रॅम. कडब्यात किलोला ६, हत्तीगवताच्या कोरड्या भागात ८, कोंड्यात १२ आणि हरभऱ्यात ८ मिलिग्रॅम असे ढोबळ आकडे धरले तर बेरीज ७३ येते. म्हणजे तुटवडा भयंकर नाही, काठावरचा आहे. ‘मिनरलच नाहीत हो’ म्हणून मूठभर मोरचूद (कॉपर सल्फेट) देण्याचं कारण यातून निघत नाही. वैरणीवरच्या धुळीतून लोह मात्र गरजेच्या कित्येक पट जातं. गुरांमध्ये लोह आणि मॉलिब्डेनम तांब्याला जोरात अडवतात. घोड्यात मॉलिब्डेनमचा हा जोर फारच कमी असतो. तरी लोहाचं टॉनिक अशा घोडीला ‘रक्त वाढावं’ म्हणून पाजू नये. शोच्या मोसमात ही बाटली फार खपते.

खरी मोठी चूक वेगळ्याच रकान्यात निघाली. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. दीड किलो कोंड्यातून १७ ग्रॅम स्फुरद आणि जेमतेम २ ग्रॅम कॅल्शियम. सगळी चंदी मिळून स्फुरद ३० ग्रॅमच्या पुढे, कॅल्शियम २८ च्या आसपास; त्यातही हत्तीगवतातली ऑक्झलेटं कॅल्शियम बांधून टाकतात. प्रमाण कॅल्शियमच्या बाजूनं दीड-दोनास एक असायला हवं, ते इथे उलटं होतं. असंच वर्षानुवर्षं चाललं तर हाडातलं कॅल्शियम निघून जबड्याची हाडं फुगतात. मालक रंगाची तक्रार घेऊन आला, पण अधिक गंभीर दोष गव्हाणीत निमूट बसला होता.

नवी चंदी, दिवसाची: कडबा ४ किलो (कुट्टी फार बारीक नको, दोन-तीन बोटं लांब), वाळलेला लसूणघास दीड किलो, हिरवी हरळी किंवा मारवेल ५ किलो, हरभरा पाऊण किलो, भरडलेला सातू पाऊण किलो, कोंडा अर्धा किलो, जवस १२० ग्रॅम. हत्तीगवत बंद. लसूणघासातून २० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येतं, कोंडा कमी झाल्यानं स्फुरद उतरतं, आणि प्रमाण दोनास एकच्या जवळ बसतं. दाणं तीन तोबऱ्यांत वाटायचं, वैरण आधी, दाणं नंतर. बदल एकदम नाही. दहा ते चौदा दिवसांत जुनं थोडं थोडं कमी, नवं थोडं थोडं जास्त. हिरवी ज्वारी घोडीसमोर येता कामा नये. कोवळ्या ज्वारीत विष असतंच, शिवाय हिरव्या ज्वारीवर चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडण्याचा विकार माहीत आहे. पक्व, वाळलेला कडबा वेगळा.

चंदीतून चमक आणते ती मुख्यतः जवस. तिच्यात ३५ ते ४० टक्के तेल, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक ओमेगा-३. पण जवस द्यायची रीत चुकली तर तीच जवस विषारी ठरते. तिच्यात सायनाइड देणारे घटक असतात आणि त्यांना मोकळं करणारं विकरही. रात्री कोमट पाण्यात भिजत घालून सकाळी तशीच दिली, तर आपण त्या विकराला निवांत रात्रभर काम दिलं. दोनच रीती बऱ्या. एक, कोरडी जवस रोजच्या रोज भरडून लगेच चंदीत. दोन, उकळत्या पाण्यात टाकून झाकण न ठेवता पंधरा-वीस मिनिटं चांगली उकळायची, बुळबुळीत झाली की गार करून द्यायची. सुरुवात ३० ग्रॅमनी, दर तीन दिवसांनी ३० ग्रॅम वाढ. आठवड्याची एकदम दळून ठेवली तर मे महिन्याच्या उष्म्यात तेल खवट होतं. वास आला की फेकायची. जवसाची पेंड स्वस्त म्हणून घेताना ती घाण्याची आहे की द्रावकानं तेल काढलेली, हे विचारावं. दुसरीत तेलच उरलेलं नसतं, तर चमक कुठून येणार? सरकी पेंड आणि बुरशीचा वास येणारी शेंगदाणा पेंड घोड्याच्या दारात नको. कुक्कुटखाद्य किंवा काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन हे औषध असतं. गुराला चालणारी ती मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडू शकते, म्हणून पोत्यांची आणि घमेल्यांची अदलाबदल नाही.

जवस न मिळाल्यास सोयाबीन तेल: २५ मिलीपासून सुरू करून दोन आठवड्यांत ७५ मिली. घोड्याला पित्ताशय नसतं, तरी तो तेल छान पचवतो. फक्त सवय लागते. पहिल्याच दिवशी १०० मिली ओतलं की लीद पातळ होते आणि मोतद्दार म्हणतो, घोडीला तेल मानवत नाही. तेल वाढलं की ई-जीवनसत्त्वाची गरजही वाढते. हिरव्या गवतात ते भरपूर असतं, वाळलेल्या वैरणीत फार थोडं उरतं. एप्रिल-मेमध्ये हिरवं खरंच मिळेनासं झालं तर ४०० युनिटची एक कॅप्सूल टोचून चंदीत पिळायची.

तांबं-जस्ताची भर: दिवसाला १०० मिलिग्रॅम तांबं आणि ३०० मिलिग्रॅम जस्त. चंदीतलं धरून एकूण प्रमाण एकास तीन-साडेतीन असं बसतं, आणि तेच हवं. मोरचुदात २५ टक्के तांबं, म्हणजे ०.४ ग्रॅम. झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये ३५ टक्के जस्त, म्हणजे ०.८५ ग्रॅम. एवढं रोज चिमटीनं मोजणं अशक्य, म्हणून महिन्याचं मिश्रण: मोरचूद १२ ग्रॅम, झिंक सल्फेट २६ ग्रॅम, मक्याचं पीठ २६२ ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम, रोज १० ग्रॅम. मोरचुदाचे खडे खलात अगदी पीठ होईपर्यंत वाटायचे. मग तितकंच पीठ घालून घोटायचं, पुन्हा त्याच्या दुप्पट, असं चढत जायचं. सगळं पीठ एकदम टाकून हलवलं तर एका दिवशी काहीच जात नाही आणि दुसऱ्या दिवशी तिप्पट जातं. दोन्ही माल पशुखाद्य दर्जाचेच हवेत. खताच्या दुकानातल्या झिंक सल्फेटमध्ये शिसं आणि कॅडमियम असू शकतं. हे मिश्रण दळलेल्या जवसात साठवू नये, तांब्यानं तेल लवकर खवट होतं. आणि सुरू करण्याआधी पशुवैद्याला दाखवावं, विशेषतः आधीच एखादी मिनरल मिक्श्चर चालू असेल तर. पाकिटावर तांबं ०.१ टक्का लिहिलं असेल तर ३० ग्रॅममधून ३० मिलिग्रॅम आधीच जातंय, तेवढं वजा करायचं. सेलेनियम असलेली दोन उत्पादनं एकत्र तर मुळीच नकोत. त्याच्या अतिरेकानं आयाळ-शेपटीचेच केस गळतात.

जस्त तुरट लागतं. घोडी तोबरा हुंगून मान फिरवते. ५० ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून वर शिंपडला आणि पहिला आठवडा पाव मात्रा ठेवली की बहुतेक जनावरं खातात. न खाल्लेली चंदी शेळ्या-मेंढ्यांपुढे ओतू नये. घोडा तांबं बरंच सोसतो, मेंढी नाही; तिच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस अचानक मरते.

मीठ. आरामाच्या दिवशी या घोडीला १८-२० ग्रॅम, वरातीच्या दिवशी ४० ते ५० ग्रॅम, दोन वेळा विभागून, साधं किंवा सैंधव. गुरांच्या चाटणाच्या विटेवर भरवसा नको. घोड्याची जीभ मऊ, त्याला त्यातून पुरेसं मिळत नाही. मीठ वाढलं की पाणी वाढतं, म्हणून टाकी सावलीत, रोज घासलेली. वरातीहून आल्यावर आधी पाणी, मग मीठ घातलेली चंदी. पाहुणे रंगासाठी परदेशात वाचलेलं लाल मिरचीचं म्हणजे पाप्रिकाचं खूळ सांगतात. त्यातून मिळणारं तांबं नगण्य, आणि मिरचीतला तिखट घटक, कॅप्सायसिन, हा स्पर्धेच्या घोड्यात निषिद्ध पदार्थ आहे.

खाद्यानं जमलेलं अंगणात घालवायला मात्र वेळ लागत नाही. या घोडीला रोज दुपारी बोअरच्या पाण्यानं, कपड्याच्या पावडरीनं धुवून उन्हात वाळवलं जात होतं, वर मोहरीचं तेल. पावडरीनं कातडीचं नैसर्गिक तेल गेलं, ओल्या केसावर ऊन पडलं, मोहरीच्या तेलावर धूळ बसली. बदल असा: वरातीनंतर त्याच रात्री साध्या पाण्यानं घाम धुणे, पट्टीनं पाणी निथळवणे, वाऱ्यावर सुकवणे; साबण किंवा रिठा तीन आठवड्यांतून एकदा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सावलीत, पत्र्याखाली असेल तर वर उसाचं पाचट. दिवसा बाहेर ठेवावीच लागली तर पातळ, फिक्या रंगाची सुती झूल. आणि रोज वीस मिनिटं खरारा: आधी रबरी खराऱ्यानं गोल फिरवून मेलेला केस आणि कोंडा वर आणायचा, मग कडक ब्रश, शेवटी मऊ ब्रश केसाच्या दिशेनं. कातडीतलं तेल टोकापर्यंत पोचतं ते याच कामानं. हे काम कमी पगाराच्या पोराकडे ढकललं जातं, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त चमक देतं.

यातून काय अपेक्षा ठेवावी? पहिल्या तीन-चार आठवड्यांत स्पर्श बदलतो. केस सपाट बसतो, हात फिरवला की बोटाला कोंडा लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांत चमक उघड दिसते. विटकरी पाठ मात्र विटकरीच राहते, फक्त पुढे वाढत नाही. लग्नसराईसाठी घाईनं कातरून घेण्याचा विचार कोणी सुचवतं. काळा घोडा कातरला की उंदरासारखा राखाडी दिसतो, त्यापेक्षा तांबूस परवडला. आयाळ आणि शेपटी एकदम सुटत नाहीत, तिथली लाल टोकं महिन्याला दोन-अडीच सेंमी वाढीच्या हिशेबानं खाली सरकतात. ती दर दोन महिन्यांनी बोटभर कापत गेलं की झालं.

पावसाळ्यात हरळी मुबलक होते तेव्हा लसूणघास अर्धा किलोवर आणि ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल बंद. तांबं-जस्त आणि जवस चालूच. मिश्रण ओलसर हवेत गोळा होतं, त्यामुळे जुलैपासून पंधरा दिवसांचंच बनवावं, हवाबंद डब्यात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वजन पुन्हा मोजून चंदी बसवायची, लीद पुन्हा तपासायची, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कुशीवरचा नवा केस उलटा करून पाहायचा. मुळापासून टोकापर्यंत एकसारखा काळा निघाला, तर दत्तजयंतीला तीच घोडी सारंगखेड्यात न रंगवता उभी करता येते.